ऑफिसात जातीवर बोलायचं कुणी?

"आमच्याकडे कुणी जातपात मानत नाही." मुंबईत नोकरी करायला लागल्यापासून प्रत्येक ऑफिसात मी हे वाक्य ऐकत आले आहे. बोलणारे बहुतेक वेळा मनापासून बोलतात, त्याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांना स्वतःची जात सांगायच्या आधी कधी समोरच्याचा चेहरा वाचावा लागला नाही, तेच हे म्हणतात. बाकीचे आम्ही गप्प बसतो.

खरं तर ऑफिसात जातीवर रोज बोललं जातं. नवीन मुलगा रुजू झाला की पहिल्या चहाला "आडनाव काय?" आडनावावरून अंदाज आला नाही तर "गाव कुठलं?", मग "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" आमच्या टीममधला एक मुलगा आडनावच लावत नाही, नावापुढे फक्त वडिलांचं नाव लिहितो. त्यामागचं कारण मला विचारावं लागलं नाही. चांगलं काम केलं की शाबासकी मिळते, "वाटत नाही हं तुमच्याकडे बघून!" खाजगी कंपनीत आरक्षण नाही, तरी चुकलं की "कोट्यातून आलेत" हे कानावर येतंच.

आणि 6 डिसेंबर. आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज सुरू होतात: उद्या दादरला उतरू नका, घरूनच काम करा, फार घाण असते. गर्दी असते हे खरंच आहे. विदर्भ-मराठवाड्यातून माणसं रात्रभर प्रवास करून येतात, शिवाजी पार्कात मिळेल तिथे पथारी टाकतात, तासन् तास चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहतात आणि जाताना पिशवीभर पुस्तकं घेऊन जातात. तिथे होणारी पुस्तकविक्री एकदा तरी जाऊन बघा, एवढीच विनंती. अनंत चतुर्दशीलाही याच दादरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी आपणच एकमेकांना सांगतो, लवकर निघा, मिरवणूक चुकवू नका. मी दरवर्षी पहाटे आईला घेऊन चैत्यभूमीवर जाते आणि तिथून ऑफिसला येते. येऊन तेच मेसेज पुन्हा तोंडी ऐकते. बोलणाऱ्यांना माहीत नसतं की मी तिथूनच आले आहे.

2020 साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली, त्यानंतर आमच्या तेव्हाच्या कंपनीत वंशभेदावर ऑनलाइन सत्र झालं. मुंबईच्या टीमलाही हजर राहायचं होतं. लोक मोकळेपणाने बोलले. परदेशात लोकलमध्ये शेजारी कुणी बसलं नाही, घर भाड्याने मिळालं नाही, असे अनुभव सांगताना काहींचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं. पण दोन तासांत जात हा शब्द एकदाही आला नाही. शेवटी मी तो उच्चारला, तर सूत्रसंचालक म्हणाले, "हा विषय संवेदनशील आहे, आपण वेगळं बोलू." ते वेगळं बोलणं झालंच नाही.

माझं आताचं ऑफिस लोअर परळला आहे, एका जुन्या गिरणीच्या जागेवर. माझे पणजोबा रत्नागिरीकडून येऊन याच भागात गिरणीत लागले, सूतकताईच्या खात्यात. साचेखात्यात, म्हणजे कापड विणलं जायचं तिथे, पगार जास्त होता. पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धागा नेणारं साधन; त्यातली कांडी बदलली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यांच्या थुंकीने सूत विटाळतं, असं सवर्ण कामगारांचं म्हणणं होतं. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. तेव्हाही एकजूट मोडेल, आता नको, असं सांगणारे होतेच. आज धोटा नाही, पण चांगलं प्रोजेक्ट कुणाला, क्लायंटसमोर कोण, मॅनेजरच्या घरच्या पूजेला कोण, हे बघितलं की मला साचेखातं आठवतं.

हा माझ्या एकटीचा समज नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे अर्ज, नावं तेवढी वेगळी, खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना उत्तर म्हणून पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना प्रतिसाद कमी आला.

यावर कुणी म्हणेल, अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे ना. आहे, 1989 चा, आणि तो हवाच. पण तो फौजदारी आहे, पोलीस स्टेशनची पायरी चढावी लागते. बढती अडली, मीटिंगला बोलावलं नाही, डब्यावरून टोमणा मारला, हे तिथे कसं सिद्ध करणार? लैंगिक छळाबाबतही "आमच्याकडे असलं काही होत नाही" असंच म्हणत होते. राजस्थानातल्या भंवरीदेवींवरच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला, 2013 मध्ये कायदा झाला, आणि 10 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती सक्तीची झाली. समिती झाली म्हणून छळ संपला नाही, पण बाईला जायला एक दार मिळालं. जातीसाठी खाजगी ऑफिसात असं दार नाही. तिकडे सिअ‍ॅटल शहराने 2023 मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. जिथून जात गेली, त्या देशातल्या कंपन्यांना मात्र तो शब्द लिहायला जड जातो.

मी एचआरला लेखी तीन गोष्टी मागितल्या आहेत. भेदभावाच्या धोरणात धर्म, लिंग, वंश यांच्याबरोबर जात लिहा. तक्रार ऐकणाऱ्यांत दलित-आदिवासी सहकारी असू द्या. आणि मॅनेजरांच्या प्रशिक्षणात हा विषय घ्या, पण तो शिकवण्याचं काम टीममधल्या एकुलत्या एका दलित मुलावर टाकू नका. तो नोकरी करायला आला आहे, त्याने रोज स्वतःच्या जखमा उघडून दाखवाव्यात ही अपेक्षा क्रूर आहे. हा विषय काढायची जबाबदारी सवर्ण सहकाऱ्यांनी घ्यावी. त्यांनी काढला तर त्यांना कुणी "व्हिक्टिम कार्ड" म्हणणार नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्या ऑफिसच्या धोरणात जात हा शब्द आहे का, ते उद्या उघडून बघा आणि इथे कमेंटमध्ये सांगा. कंपनीचं नाव लिहू नका, नोकरीवर येईल. फक्त आहे किंवा नाही एवढंच लिहा, मला ते एचआरच्या पुढच्या बैठकीत दाखवायचं आहे.