मुक्काम बंद करण्याआधी

११ जुलै २०२५ ला महाराजांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि तेव्हापासून आमच्या कॉलेजच्या ट्रेक ग्रुपवर एकच वाद चाललाय, गडांवरचा रात्रीचा मुक्काम कायमचा बंद करावा की नाही. अर्धे म्हणतात बंदच करा, तंबू, चुली, स्पीकर, दारूच्या बाटल्या, पुरे झालं. उरलेले म्हणतात गड आमच्या राजाचे, तिथे पाठ टेकायला आम्ही कोणाची परवानगी घ्यायची, आणि बंदी घालून कुठला प्रश्न सुटलाय आजपर्यंत? मग कोणीतरी मला टॅग करतं की तू सांग, तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात कसं असतं, तिकडच्या लोकांना सिव्हिक सेन्स असतो ना. आम्ही मुलांच्या हिवाळ्याच्या सुट्टीत ॲडलेडहून उलुरूपर्यंत, म्हणजे देशाच्या मधोमध वाळवंटात असलेल्या त्या प्रचंड दगडापर्यंत, गाडीने, तंबू घेऊन जाऊन आलोय, त्यामुळे विषय डोक्यात ताजा आहे आणि ग्रुपवर चार ओळीत मावणारा नाही म्हणून इथे लिहितेय.

आधी रस्त्याबद्दल थोडं. ॲडलेडपासून पोर्ट ऑगस्टा ३०० किलोमीटरच्या आसपास, तिथून स्टुअर्ट हायवे सुरू होतो तो थेट डार्विनपर्यंत २७०० किलोमीटर. ग्लेनडॅम्बो सोडलं की कूबर पीडी येईपर्यंत साधारण २५० किलोमीटर पेट्रोल पंप नाही, गाव नाही, बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंजही नाही. लाल माती, करडी झुडपं, आणि समोरून येणारे रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक डबे जोडलेले ट्रक, ५० मीटरच्या वर लांब, बाजूने गेले की आपली गाडी हलते. संध्याकाळ झाली की गाडी थांबवायचीच कारण कांगारू रस्त्यावर येतात. पाणी घरून भरून न्यायचं, माणशी किती लागेल याचा हिशोब करून. मी भाजणी नेली होती, गॅसच्या शेगडीवर थालीपीठं लावली की वाळवंटात पण वास सुटतो, शेजारच्या कॅरव्हॅनमधलं आजोबा-आजी वयाचं जोडपं बघायला आलं आणि चार खाऊन गेलं. जुलैतल्या, म्हणजे इकडच्या हिवाळ्यातल्या, रात्री इतक्या गार की सकाळी तंबूवर बर्फाचा पातळ थर. असो, ट्रिपचं वर्णन लिहायला बसले तर संपणार नाही.

मुद्दा कॅम्पचा आहे. फ्लिंडर्स रेंजेसच्या नॅशनल पार्कमधे आम्ही ज्या जागी तंबू लावला तिथे नळ नाही, लाईट नाही, कचऱ्याचा डबासुद्धा नाही. पण संडास आहे. खड्ड्याचाच, पत्र्याचा, वर एक उंच काळा पाईप, उन्हाने तो तापला की वास वर ओढला जातो आणि बाहेर जातो, आतमधे टॉयलेट पेपर ठेवलेला, दाराला आतून कडी. पाण्याचा एक थेंब न लागता चालतो. जागा ऑनलाईन बुक केलेली, तिला नंबर आहे, त्या नंबरवर त्या रात्री दुसरं कोणी येणार नाही. आजूबाजूचं लाकूड गोळा करायला मनाई, कारण त्या पडलेल्या ओंडक्यांखाली सरडे, किडे राहतात, आणि हे बोर्डवर कारणासकट लिहिलेलं. कचरा गाडीत परत न्यायचा. आमची पिशवी पुढच्या गावापर्यंत डिकीत होती, मुलांनी नाकं मुरडली पण नेली. मला तिथे सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटलं असेल तर त्या पत्र्याच्या संडासाचं. कॉलेजात असताना राजगडावर मुक्कामाला आम्ही मुली अंधार पडायची वाट बघत बसायचो, दोघीदोघींनी टॉर्च घेऊन जायचं, आणि दुपारपासून पाणी कमी प्यायचं. ज्यांना हे कधी करावं लागलं नाही त्यांना मुक्कामाच्या वादात संडास हा किरकोळ मुद्दा वाटतो.

आता उलुरू. ३४८ मीटर उंच एकसंध दगड, पायथ्याने फेरी मारली तर जवळजवळ १० किलोमीटर. अनांगू या तिथल्या मूळ रहिवाशांचं हे पवित्र ठिकाण, वर चढू नका असं ते कित्येक वर्षं सांगत होते आणि लोक साखळी धरून चढत होते. २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारने ही जमीन अनांगूंना परत दिली, आणि त्यांनी ती पार्कसाठी ९९ वर्षांच्या लीजवर सरकारलाच दिली. पण चढणं बंद झालं ते २६ ऑक्टोबर २०१९ ला. मधे ३४ वर्षं गेली! त्या चढाईवर कमीत कमी ३७ माणसं मेली होती. बंद करण्याचं एक कारण मात्र आपल्याकडे फार कोणी सांगत नाही. वर संडास नाही. दिवसभर शेकडो माणसं वर, तासन्‌तास, आणि मग पाऊस आला की ते सगळं वाहून खालच्या पाणवठ्यांमधे. वाळवंटात तेच पाणी, तिथल्या प्राण्यापक्ष्यांचं तेच, माणसांचंही पिढ्यानपिढ्या तेच. आम्ही पायथ्याच्या मुटिजुलु पाणवठ्याजवळ बसलो होतो, दगडावर वरून खालपर्यंत काळे पट्टे दिसतात, पाणी वाहायच्या वाटा. माझ्या मुलीने विचारलं की वरचं पाणी सगळं इथेच येतं का. इथेच येतं.

हे ऐकून गडावरच्या टाक्यांची आठवण होणार नाही असा ट्रेकर मला दाखवा. कातळात खोदलेली टाकी, पावसाचं पाणी माथ्यावरून उतरत उतरत त्यांच्यात यावं अशीच त्यांची योजना, त्या पाण्यावर शिबंदी वर्षभर राहायची. आपण ज्या माथ्यावर सकाळी पाण्याचा डबा घेऊन शौचाला जातो तोच माथा त्या टाक्यांचं पाणलोट क्षेत्र आहे. म्हणजे शनिवारी रात्री दोन-तीनशे माणूस वर राहिला आणि सोय शून्य, तर पुढचा पाऊस ते कुठे नेणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मुक्कामाच्या बाजूने बोलणारे माझे मित्र चुली आणि स्पीकरवर उत्तरं देतात, आम्ही तसे नाही म्हणतात, आणि ते खरंच तसे नाहीत, मी त्यांना ओळखते, दर ट्रेकला पोतंभर कचरा खाली आणणारी माणसं आहेत ती. पण पोटं त्यांनाही आहेतच ना.

सिव्हिक सेन्सबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण "तिकडचे लोक शिस्तीचे" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. २०१९ मधे चढाई बंद होणार हे कळल्यावर शेवटच्या महिन्यांत इथले लोक उलुरूकडे लोटले. कॅम्पग्राउंड भरून गेले, जागा मिळेना. मग याच शिस्तीच्या लोकांनी रस्त्याच्या कडेला, दुसऱ्याच्या जमिनीत घुसून गाड्या लावल्या, कचरा टाकला, आणि कॅरव्हॅनच्या संडासाच्या टाक्या सुद्धा उघड्यावर रिकाम्या केल्या. तेव्हा पेपरात आलं होतं हे सगळं. माणसं तीच, देश तोच, फक्त सोय कमी पडली. आणि उलट, आम्हाला वाटेत भेटलेली आपली देशी कुटुंबं, मेलबर्न-सिडनीहून आलेली, आजीआजोबांसकट, सगळी कचरा गाडीत घेऊनच फिरत होती. रक्तात काही नसतं हो. जागा किती आहे, संडास आहे का, नियम कशासाठी आहे हे कोणी सांगितलंय का, एवढ्यावरच बरंचसं ठरतं.

बंदी कशी घातली तेही बघा. २०१० च्या पार्कच्या प्लॅनमधे लिहून ठेवलं की चढणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आलं किंवा लोकांना दुसरं काही बघण्या-करण्यासारखं पुरेसं उभं राहिलं की चढाई बंद करू. नोव्हेंबर २०१७ ला पार्क चालवणाऱ्या बोर्डाने एकमताने निर्णय घेतला, त्या बोर्डात बहुमत अनांगूंचं, आणि अंमल दोन वर्षांनी. तोपर्यंत पायथ्याची फेरी नीट आखलेली, रेंजर फुकट फिरवून गोष्टी सांगतात, सूर्योदय बघायला वेगळी जागा बांधलेली. त्याही आधी, १९८० च्या दशकात, दगडाला खेटून असलेली मोटेल्स आणि कॅम्पग्राउंड उचलून पार्कच्या बाहेर युलाराला नेली, आज मुक्काम करायचा तर तिथेच. म्हणजे मुक्काम बंद केला नाही, मुक्कामाची जागा हलवली. मला वाटतं आपल्या सगळ्या वादात हा पर्यायच कोणी बोलत नाही. राजगडाच्या पायथ्याला गुंजवणे आहे, पाल आहे, हरिश्चंद्रगडाला पाचनई आणि खिरेश्वर आहे. रात्र तिथे काढा, तंबूची जागा, संडास, पाणी, जेवण तिथे, पैसा त्या घरांमधे, आणि पहाटे गड चढा.

आपल्याकडे बंदी येते ती कशी? ३० जून २०२४ ला भुशी डॅमजवळ एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल पडून चार जण गेले, की लगेच जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश, धबधबे बंद, गड बंद, घाट बंद. माणसं मेल्यावर काहीतरी करावं लागतं हे मान्य, त्याबद्दल मी प्रशासनाला नावं ठेवत नाही. पण पाऊस संपला की आदेश संपतो आणि पुढच्या जूनपर्यंत त्या जागी एक पत्र्याचा संडाससुद्धा उभा राहत नाही. रस्ते बंद तर इकडेही होतात, जानेवारी २०२२ च्या पावसात स्टुअर्ट हायवेच पाण्याखाली जाऊन बंद होता, पण एरवी कच्च्या रस्त्यांवर तोंडालाच बोर्ड असतो, कुठला रस्ता आज उघडा, कुठला बंद.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. याच देशात मे २०२० मधे जूकन गॉर्जमधल्या, ४६ हजार वर्षांपासूनच्या वस्तीच्या खुणा असलेल्या गुहा रिओ टिंटो या खाण कंपनीने लोखंडाच्या खाणीसाठी सुरुंग लावून उडवल्या, आणि ते कायद्यात बसत होतं. उलुरूच्या गुहांमधल्या जुन्या चित्रांवर पूर्वीचे टूर गाईड पाणी मारायचे, फोटोत रंग उठून दिसावेत म्हणून. त्यामुळे ऑस्ट्रेलियाकडून संस्कार शिका वगैरे मी कोणाला सांगणार नाही.

आणि शिकायला इतकं लांब यायची गरज पण नाही. कास पठार २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं, तिथे फुलांच्या सीझनला ऑनलाईन बुकिंग आहे, दिवसाला माणसांची मर्यादा आहे, तिकीट आहे, आणि गेटवर उभे असतात ते आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांचे लोक. वीकेंडला तिथेही गाड्यांची रांग लागते, तक्रारी आहेत, पण फुलं तुडवणाऱ्याला हटकणारं माणूस तिथलं आहे, आणि तिकिटाच्या पैशाचा त्याच्या गावाशी संबंध आहे. उलुरूच्या गेटवर आम्ही माणशी ३८ डॉलर भरले, मुलं फुकट, त्यातलाही एक हिस्सा अनांगूंना जातो.

"गड आमचे" म्हणणाऱ्या माझ्या मित्रांचं म्हणणं मला मनापासून समजतं. राजगडाच्या पद्मावती माचीवर पहाटे उठून सुवेळा माचीवरचा सूर्य बघितलेल्या माणसाला तू आता ऑनलाईन बुकिंग कर म्हटलं की राग येणारच, मलाही आला असता. पण युनेस्कोच्या शिक्क्यानंतर गर्दी वाढणारच आहे, तेव्हा कुठलीतरी मर्यादा येणारच, प्रश्न एवढाच आहे की ती ठरवताना टेबलावर कोण बसलेलं असेल. म्हणून ग्रुपवरच्या दोन्ही पार्ट्यांना एकच विनंती, पुरातत्त्व खात्याला आणि वनखात्याला जे निवेदन द्यायचं चाललंय त्यात बंदी हवी की नको हे बाजूला ठेवून तीन गोष्टी मागा: पायथ्याच्या गावात तंबूची जागा आणि बिनपाण्याचे संडास, टाक्यांच्या पाण्याची दर पावसाळ्यानंतर तपासणी आणि तिचा रिपोर्ट पायथ्याच्या बोर्डवर, आणि जी काही समिती होईल तिच्यात गुंजवणे-पाचनईसारख्या गावांची माणसं निम्म्याहून जास्त, आणि त्यातही बायका. ड्राफ्ट मला पाठवा, सही करेनच, आणि पार्कच्या त्या २०१० च्या प्लॅनमधली अटींची पानं मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे.