पडलेले झाड आणि ‘दोन महिन्यांत तयार’ फळ्या

पावसाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईत झाडे उन्मळून पडू लागली की गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: पडलेले झाड फुकट मिळते, चेनसॉला (इंजिनावर चालणाऱ्या साखळीच्या करवतीला) लोखंडी चौकट जोडली की घरच्या घरी फळ्या चिरता येतात, लाकूड कोणतेही चालते, गच्चीवर कडक उन्हात दोन महिने ठेवल्यास फळ्या वाळतात, आणि भट्टीत वाळवून ‘निर्जीव’ केलेल्या वखारीतल्या मालापेक्षा हे लाकूड सरस ठरते. ओंडका आणून स्वतः फळ्या तयार करणे हे काम मला मनापासून मोलाचे वाटते, आणि पर्जन्यवृक्षाचा (रेन ट्रीचा) गडद तपकिरी गाभा तुकडे होऊन जळणात जाताना पाहून वाईट वाटते. म्हणूनच हा संदेश खोडून काढणे आवश्यक आहे, कारण त्यातल्या सूचना तंतोतंत पाळणाऱ्याच्या हातीही अखेर जळणच उरते.

झाड पडले म्हणजे ते कोणीही उचलावे, असे नाही. रस्त्याकडेचे झाड महापालिकेचे असते, आवारातले संस्थेचे, आणि शहरी भागातल्या वृक्षतोडीला १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. अर्धवट कललेले झाड ‘पडलेलेच आहे’ म्हणून परस्पर कापणे हा त्या कायद्याचा भंग ठरू शकतो. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. साग असेल तर वाहतुकीसाठी वन विभागाचा परवानाही लागतो.

यंत्राबद्दलचा दावा अर्धा खरा आहे. चौकट लावलेल्या चेनसॉने फळी निघते, पण साखळी सुमारे ९ मिलिमीटर रुंदीची खाच पाडते. २५ मिलिमीटरच्या प्रत्येक फळीमागे ९ मिलिमीटर लाकूड भुशात जाते, म्हणजे एक चतुर्थांशाहून अधिक. बँडसॉच्या, म्हणजे पट्ट्यासारखे अखंड पाते फिरणाऱ्या करवतीच्या, पात्याची खाच २ ते ३ मिलिमीटरची असते आणि नुकसान दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहते. त्यातही नेहमीची साखळी आडव्या कापासाठी असते. उभे चिरायचे तर दातांची धार सुमारे १० अंशांच्या कोनात लावलेली वेगळी साखळी हवी. आठ फूट लांब आणि दीड फूट व्यासाचा ओंडका म्हणजे सुमारे १४ घनफूट लाकूड. ओले असताना त्याचे वजन साडेतीनशे किलोच्या घरात जाते, आणि तो गच्चीवर कसा न्यायचा याबद्दल संदेश काहीच सांगत नाही. शिवाय निवासी भागात दिवसाची ध्वनिमर्यादा ५५ डेसिबल आहे, तर चेनसॉ चालवणाऱ्याच्या कानाशी शंभराहून अधिक डेसिबल आवाज होतो.

मग घरीच बँडसॉ बसवावा, असे सुचवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की सॉ मिलला वन विभागाचा परवाना लागतो. वनसंरक्षणाबाबतच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आपणच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नव्या सॉ मिल सुरू होऊ देण्यास राज्यांना मनाई केली होती, आणि २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी हे काम राज्यस्तरीय समितीकडे दिले. यंत्र ‘घरचे’ आहे म्हणून सूट मिळेल, असे गृहीत धरू नये. परवानाधारक सॉ मिलमध्ये मालकीचा कागद दाखवून मजुरीवर ओंडका चिरून घेणे हा मार्ग माझ्या मते शहरात सर्वांत शहाणपणाचा आहे.

कोणतेही लाकूड चालते, हे तर मुळीच खरे नाही. आपल्याकडे हमखास पडणारा गुलमोहर ठिसूळ आणि लवकर कुजणारा आहे. वड, पिंपळ आणि उंबर फर्निचरच्या कामाचे नाहीत. पर्जन्यवृक्षाचा गाभा मात्र उत्तम, कारण तो वाळताना कमी आकसतो. आंबाही चांगला, पण ओला ओंडका पडून राहिला की त्यावर निळसर बुरशीचे डाग चढतात आणि बाहेरच्या पांढऱ्या भागातल्या पिष्टाला भुंगा लागतो, म्हणून तो लवकर चिरून फळ्यांना बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण द्यावे लागते.

खरी गफलत वाळवण्याच्या दाव्यात आहे. ओल्या लाकडात पोकळ्यांमधले मोकळे पाणी आधी जाते, आणि ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर पेशींच्या भिंतींमधले पाणी जाऊ लागते. आकसणे तिथून सुरू होते. खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने होणारे आकसणे त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते, म्हणून फळी वाकते आणि तिला पीळ पडतो. थेट उन्हात वरचा थर आत ओलावा असतानाच आकसतो आणि तडकतो. टोकांतून तर पाणी पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने निघते, त्यामुळे ओंडका मिळाल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जाड ऑइलपेंट लावले नाही तर भेगा आत फूटभर शिरतात. गच्चीवरचे ऊन लाकूड वाळवण्याआधी फाडते.

दुसरीकडे, ऊन नसतानाच्या महिन्यांत फळी वाळून वाळून किती वाळणार? लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेते. २७ अंश तापमानाला हवेची आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकडाचा ओलावा साडेसतरा टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो, मग फळी दोन महिने ठेवा की चार. खाडीकाठच्या या शहरांत पावसाळाभर आर्द्रता त्याच्या आसपास असते. जुलैत चिरलेली फळी सप्टेंबरात ‘तयार’ समजून तिचे टेबल केले, तर हिवाळ्यात त्याचे सांधे उघडतील.

योग्य क्रम असा आहे: छप्पर असलेली पण बाजूंनी उघडी जागा, जमिनीपासून फूटभर उंची, प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर आणि सर्व थरांत एकाखाली एक, वर वजन. ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की ज्या बाजूने ऊन येते तिथे शेडनेट बांधावी, कारण फळ्या सर्वाधिक तडकतात त्या याच काळात. अशी इंचभर जाडीची फळी फेब्रुवारी-मार्चपर्यंत साधारण १२ टक्क्यांवर यावी. ‘इंचाला एक वर्ष’ हा थंड देशांतला ठोकताळाही इथे आंधळेपणाने लावू नये. मोजमाप करावे: फळीच्या मधल्या भागातला छोटा तुकडा तोलून तो १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटणे थांबेपर्यंत ठेवावा. १५० ग्रॅमचा तुकडा १२० वर थांबला, तर गेलेले ३० ग्रॅम पाणी कोरड्या वजनाच्या २५ टक्के, म्हणजे ओलावा २५ टक्के आणि फळीला अजून वेळ आहे.

उरला भट्टीचा प्रश्न. घाईने चालवलेल्या भट्टीत फळीत ताण अडकून राहतो, ही तक्रार रास्त आहे, पण नीट चालवलेली भट्टी लाकूड निर्जीव करत नाही. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान ३० मिनिटे टिकले की आतल्या किडी मरतात. सावलीत वाळवलेल्या फळीला ही हमी नाही. आणि फर्निचर वातानुकूलित खोलीत जायचे असेल तर छपराखाली १२ टक्क्यांवर आलेली फळीही तिथे आणखी आकसेल; तिला त्याच खोलीत पट्ट्यांवर तीन-चार आठवडे ठेवावे, वजन स्थिर झाल्याची खात्री करावी आणि मगच रंधा मारून सांधे कापायला घ्यावेत.