एलओएस लाईट बंद आहे म्हणून रीसेटच्या भोकात पिन घालू नका

"फायबर नेट अडकतंय? कंपनीवाले हे कधीच सांगणार नाहीत" असा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या फॅमिली ग्रुपांवर आणि सोसायटीच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात उपाय दिलेत ते असे: फायबरच्या डब्यावरची (राउटरवरची) एलओएस लाईट लागत नसेल तर पिन घालून रीसेट करा, पिवळी वायर काढून टोक पुसा आणि आत उजेड दिसतो का बघा, मोठा प्लॅन घ्या म्हणजे पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) कमी होतो, डीएनएस गुगलचा ८.८.८.८ करा, अँटेनामागं फॉइल लावा, रोज रात्री डबा बंद करून चालू करा. हा मेसेज पाचगावात माझ्या आत्यापर्यंत पोचला, तिनं पहिला उपाय केला, आणि शनिवारी दुपारी गेलेलं नेट सोमवारी आलं. मधल्या रविवारी आत्येबहिणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, तो मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कसाबसा झाला. म्हणून लिहितोय आणि चिडूनच लिहितोय.

पहिला मुद्दा तर सरळसरळ उलटा आहे. एलओएसचा दिवा फायबरमधनं सिग्नल येणं थांबलं की लागतो, लाल. तो बंद असणं म्हणजे लाइन ठीक असणं. आत्याकडं पॉवर हिरवा, पॉन (फायबरवरनं कंपनीशी जोडणी झाल्याचा दिवा) हिरवा आणि न लुकलुकता, एलओएस बंद, म्हणजे जसं पाहिजे तसंच होतं सगळं. मेसेज लिहिणाऱ्यानं चांगल्या लाइनच्या खुणेलाच बिघाड ठरवलं आणि वर त्याच्यावर औषध दिलं रीसेटचं. आपल्याकडं बऱ्याच जणांचं कनेक्शन गल्लीतल्या केबलवाल्याकडचं असतं, जोडताना त्यानं डब्यात पीपीपीओईचं (म्हणजे नेटच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा (लाइनवरच्या आपल्या वाटेचा) नंबर घातलेला असतो, ते सगळं पिन दाबून धरली की जातं, वायफायचं नाव आणि पासवर्डही जातो, आणि ते युजरनेम कुणाच्या घरात लिहून ठेवलेलं नसतं, मग केबलवाला येईपर्यंत बसा. काही मोठ्या कंपन्यांचे डबे लाइनवरनं सेटिंग परत ओढून घेतात हे खरं आहे, पण आपला डबा त्यातला आहे का हे पिन घालून बघायचं नसतं. आणि अहो, नेट अडकत का होईना चालू आहे म्हणजे लॉगिनची सेटिंग बरोबरच आहे की, ती पुसून काय मिळणार?

वायरीच्या टोकात बघायचा सल्ला त्याहून वाईट. बऱ्याच घरांत आलेलं फायबर जीपॉनचं, म्हणजे एका फायबरवरनं अनेक घरं जोडायच्या पद्धतीचं, आणि त्याचं स्टँडर्ड आहे आयटीयू या दूरसंचारच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं जी.९८४. त्यात येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि जाणारा १३१० चा ठरलेला आहे. माणसाच्या डोळ्याला साधारण ७०० च्या पुढं दिसायचं बंद होतं. म्हणजे लाइन एक नंबर असली तरी आत उजेड दिसणारच नाही, तुम्हाला वाटणार लाइन मेली. वर तो लेसरचा प्रकाश आहे, दिसत नाही म्हणून डोळा मिटतही नाही, आणि हे काम करणारी माणसं टोकात कधीच बघत नाहीत. केबलवाला वायरीत लाल उजेड दाखवतो तो त्याच्या टेस्टर पेनाचा असतो. पुसायचं म्हणाल तर प्रकाश जातो तो गाभा असतो जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्याच्यावर पदर नाहीतर बनियन घासून साफ होत नाही, उलट तेलकट डाग बसतो. लाइनचा जोर बघायचाच असेल तर हात न लावता बघता येतो, बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर म्हणून आकडा असतो. त्याच स्टँडर्डमधल्या नेहमीच्या बी प्लस वर्गात डब्याला उणे २७ डीबीएमपर्यंतचा (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या जोराचं माप, उण्याचा आकडा मोठा तितका सिग्नल कमजोर) सिग्नल वाचता आला पाहिजे. उणे २० च्या आसपास असेल तर वायरीला हातसुद्धा लावू नका, उणे २७ च्या खाली गेला असेल तर केबलवाल्याला बोलवा.

मोठा प्लॅन. काचेतनं प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, प्लॅन ४० एमबीपीएसचा असो की ३०० चा. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतरच ३९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन यायला ३९ मिलिसेकंद, आणि समुद्रातली केबल काय सरळ जात नाही. सिंगापूरच्या सर्व्हरवर गेम खेळणाऱ्या पोराला २० चा पिंग पाहिजे म्हणून महिन्याला जादा पैसे भरत असाल तर ते पाण्यात.

पण यात अर्धं खरं आहे ते सांगतो. आत्याकडं नेट आल्यावर स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलो आणि आधी डब्यालाच पिंग लावला, त्याचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१. वायफायवर आले ४, ३, मग एकदम १६०, परत ५, मग २१०. मधी कंपनी नाही, फायबर नाही, फक्त घर. डबा टीव्हीच्या शोकेसमधी ट्रॉफ्यांच्या मागं कोंबलेला, आणि २.४ गिगाहर्ट्झवर, जिथं एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारपाजारचे सगळे त्यावरच. लॅनची वायर लावली तर १ च्या खाली स्थिर. मग वायरीवरनंच बाहेर ८.८.८.८ ला लावला, १३ वर थांबला. तेवढ्यात मामांच्या फोननं लग्नाचे व्हिडिओ बॅकअपला टाकायला घेतले आणि तो १३ चढत चढत ३५० वर गेला. बॅकअप थांबवला, परत १३. अपलोडची लाइन भरली की बाकीची पॅकेट (डेटाचे तुकडे) डब्यात तटून राहतात, याला बफरब्लोट म्हणतात, आणि मोठ्या प्लॅननं अपलोड वाढलं तर हे तटणं कमी होतं, तेवढं मान्य. पण बॅकअप रात्री झोपताना लावला तरी भागतं, फुकटात, आणि राउटरमधी एसक्यूएम (पॅकेटांची रांग तटू न देणारी सोय) असेल तर ते चालू करून वेग लाइनच्या ९० टक्क्यांवर बांधला की बॅकअप चालू असतानाही कॉल तुटत नाही.

डीएनएसचं काम नावावरनं पत्ता शोधायचं, वेबसाइट उघडताना सुरुवातीला थोडा फरक पडेल, चालू कॉलला किंवा गेमला काही नाही. फॉइल सोडून द्या, डबा शोकेसच्या बाहेर काढा आणि टीव्ही, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाका. बंद करून चालू करण्यानं कधीतरी फरक पडतो, डबा तापलेला किंवा अडकलेला असेल तर, करा की, पण बटणावरनं, पिनीनं नाही.

आणि वायरीवर डब्याचा पिंग स्थिर, घरात अपलोड काही चालू नाही, तरी बाहेरचा पिंग रोज रात्री नऊला चढतो, असं असेल तर दोष आपल्या घरात नाही. जीपॉनमधी एका फायबरवर स्प्लिटर लावून ३२ नाहीतर ६४ घरं जोडतात, गर्दी तिथं असेल किंवा केबलवाल्यानं पुढं घेतलेली लाइन अपुरी असेल. त्याला फोन करून नुसतं "नेट स्लो आहे" सांगितलं तर तो "रीस्टार्ट करा" म्हणून ठेवून देणार. दुपारच्या आणि रात्रीच्या पिंगचे स्क्रीनशॉट, वायरीवरचे, आणि आरएक्स पॉवरचा आकडा त्याला पाठवा, आणि "रात्री कुठली लाइन भरतीय" एवढंच विचारा.