रिंकू सिंग: दोन वेगळी माणसं, आणि मेजर लीगची गोष्ट

'क्रिकेटपटू रिंकू सिंग आधी अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल खेळायचा' असा मजकूर फिरतोय. तो खरा नाही. आयपीएलमध्ये गुजरातविरुद्ध शेवटच्या षटकात सलग पाच षटकार मारणारा रिंकू अलीगढचा. बेसबॉलचा रिंकू भदोही जिल्ह्यातला, भालाफेकपटू. दोघंही उत्तर प्रदेशचे, दोघंही डावखुरे, त्यामुळे गोंधळ होतो खरा.

बेसबॉलच्या रिंकूने 2008 साली भारतातली वेगवान फेकीची स्पर्धा जिंकली. फेक ताशी 87 मैल, म्हणजे साधारण 140 किलोमीटर. त्याआधी त्याने बेसबॉल हातातही धरला नव्हता! त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगमधल्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधल्या) संघाने त्याला आणि त्याच स्पर्धेतल्या दिनेश पटेलला करारबद्ध केलं.

पण मेजर लीगचा एकही सामना दोघांच्या वाट्याला आला नाही. रिंकू खालच्या मायनर लीगमध्येच खेळला. 2009 मध्ये तिथे सामना जिंकून तसं करणारा पहिला भारतीय ठरला. दिनेश 2010 अखेर संघाबाहेर गेला. रिंकूच्या कोपराने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली, हंगाम वाया गेले. 2018 मध्ये तो व्यावसायिक कुस्तीत उतरला आणि तिथे 'वीर महान' या नावाने ओळखला जाऊ लागला. भाला टाकणारा मुलगा तिथवर पोचला हे मुळातच थोर आहे, त्याला खोटी जोड कशाला? मजकूर पुढे पाठवला असेल, तर कृपया ही दुरुस्तीही पाठवा.