यमूला 'सुखी सून' म्हणणाऱ्यांनी ती कादंबरी उघडलेलीच नाही

भाचीचं लग्न ठरलंय. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, असं ती म्हणाली आणि त्याच रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीनं सगळीकडे फिरत असलेला तो मजकूर टाकला: 'इंग्रजांच्या काळातल्या मराठी कादंबऱ्या वाचा. त्यातल्या बायका सोसायच्या, म्हणून सुखी होत्या. यमूसारखी सून आज मिळणार नाही. बंडखोरी 1975 नंतर परदेशातून आली. त्याआधी जे लिहिलं ते पुरुषांनी, मिशनऱ्यांच्या नादी लागून.'

यमूचं नाव वाचून माझं डोकंच फिरलं. यमू म्हणजे हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो!' ची नायिका. ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. अहो, तिचं नावच गाऱ्हाणं आहे! यमू सगळी हकीकत 'मी' म्हणून स्वतः सांगते. तिचे सुखाचे दिवस कुठले? नवऱ्याबरोबर मुंबईत राहिली तेवढेच, सासरच्या गोतावळ्यापासून लांब. तो तिला लिहा-वाचायला उत्तेजन देतो, ती पुस्तकांत रमते. मग तो वारतो आणि घरातली वडीलधारी माणसं तिच्या मनाविरुद्ध, बळजबरीनं तिचं केशवपन करवतात. वस्तऱ्याखाली धरलेल्या त्या पोरीला 'सुखी सून' म्हणायला जीभ कशी रेटते? ती सोसते, हे कबूल. पण कुणी काय केलं ते एकेक सांगून ठेवते. मान खाली घालून गप्प बसणाऱ्या बाईचं हे बोलणं नाही.

मिशनऱ्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा देऊन टाकते. विधवांच्या हालांवरचं 'यमुनापर्यटन' (1857) लिहिणारे बाबा पदमनजी ख्रिस्ती झालेले होते आणि पुस्तकात धर्मप्रचार आहेच. म्हणून काय विधवांचे हाल मिशनऱ्यांनी रचले? यमूची गोष्ट छापायला लागली त्याच 1890 साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. पुढाकार नारायण मेघाजी लोखंड्यांचा, जोतीराव फुल्यांच्या सहकाऱ्याचा. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनाच ते काम नकोसं झालं होतं.

'पुरुषांनीच लिहिलं' हेही सुरुवातीपुरतं बरंचसं खरं, आणि ते पुरुष बहुतेक पांढरपेशे. पण ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' 1882 ची आहे. ती कादंबरी नाही, पण बुलढाण्यात बसून एक बाई पुरुषांना सडेतोड जाब विचारते. काशीबाई कानिटकर एकोणिसाव्या शतकातच कादंबरी लिहायला लागल्या होत्या.

1975 बद्दल तर फार बोलायलाच नको. गीता साने 1936 पासून कादंबऱ्या लिहीत होत्या, आणि लग्नसंस्थेला सरळ प्रश्न विचारत होत्या. त्याआधी 1933 मध्ये विभावरी शिरूरकरांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि एवढं वादळ उठलं की या टोपणनावामागे कोण आहे, याचाच शोध सुरू झाला. मागे होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. त्यात शिकलेल्या, कमावत्या, लग्न रखडलेल्या मुली आहेत. एका कथेचं नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?'

मावशी, हे नाव तू भाचीसमोर मोठ्यानं वाच. कमावत्या मुलीनं स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलणं याच भाषेत 1933 साली छापून आलं होतं.