मालक मी, कुलूप दुसऱ्याचे

गेले १९ महिने मी जुळे सोलापुरातील, बँकेच्या लिलावात घेतलेल्या एका फ्लॅटचा मालक आहे आणि त्या फ्लॅटचे स्वयंपाकघर कोणत्या दिशेला आहे, हे मला अजून ठाऊक नाही. विक्री प्रमाणपत्र माझ्या नावावर आहे, मुद्रांक शुल्क मी भरले आहे, नोंदणी फीचे २५,६०० रुपये मी मोजले आहेत. दारावरचे कुलूप मात्र ज्याने बँकेचे कर्ज थकवले त्याचे आहे. महिन्यातून एकदा मी तो जिना चढतो, आतल्या फोडणीचा वास घेतो आणि परत उतरतो.

हा व्यवहार करताना मला सर्वांत जास्त फसवले ते एका वाक्याने, आणि ते आमच्या नात्यातल्या प्रत्येक माणसाने मला ऐकवले होते : "बँकेची जागा आहे, डोळे झाकून घे की!" हे वाक्य कुठून आले, कोणास ठाऊक. बँक कागद तपासते ती कर्ज देताना, स्वतःच्या पैशाच्या काळजीने, आणि तेही कित्येक वर्षांपूर्वी. तीच बँक मिळकत विकायला काढते तेव्हा जाहिरातीच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिते की विक्री "जशी आहे तशी, जेथे आहे तेथे, जे काही आहे ते" या तत्त्वावर होईल. भाजीवालासुद्धा वांगे हातात घेऊन पाहू देतो. इथे लाखो रुपयांची वस्तू विकणारा आधीच हात झटकून मोकळा होतो आणि आपण त्याला जबाबदार संस्था म्हणतो.

पण माझा खरा संताप "सांकेतिक ताबा" या दोन शब्दांवर आहे. कोर्टात न जाता तारण मिळकत विकून कर्ज वसूल करायची मुभा बँकेला देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार कर्ज बुडीत ठरले की बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते आणि त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर मिळकतीचा ताबा घेते. हा ताबा घेणे म्हणजे काय, तर दाराला एक नोटीस चिकटवायची आणि ती दोन वर्तमानपत्रांत छापायची. आतले कुटुंब आतच राहते, त्यांचा कपाट-पलंग आतच राहतो आणि बँकेच्या दप्तरी "ताबा घेतला" अशी नोंद होते. प्रत्यक्ष ताबा हवा असेल तर कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्यावर ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत आदेश व्हावा, असे कायदा सांगतो. माझ्या बाबतीत बँकेने तो अर्ज लिलावाआधी केलाच नव्हता. माझी पै अन् पै जमा झाल्यावर, माझ्या सहा लेखी पत्रांनंतर, ११ महिन्यांनी तो दाखल झाला. जी वस्तू तुमच्या हातात नाही ती तुम्ही विकलीत कशी, असे मी विचारले, तेव्हा बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने चहाचा घोट घेत उत्तर दिले, "सर, जाहिरातीत लिहिलेलंच आहे की." लिहिलेले होते, हे खरे आहे. मी "ताबा" वाचले आणि त्याआधीचे विशेषण वाचले नाही. मी शाळेत मुलांना प्रश्न दोनदा वाचायला सांगतो.

जागा पाहण्याच्या दिवसाची कथा तर सांगायलाच लाज वाटते. जाहिरातीत पाहणीची तारीख आणि वेळ दिली होती. आम्ही चार इच्छुक उन्हात उभे राहिलो, बँकेचा माणूस पाऊण तासाने आला, त्याने रस्त्यावरूनच दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "ती निळी खिडकी." पाहणी संपली. त्याच क्षणी मी घरी निघून जायला हवे होते. पण राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली घेत नाहीत ती, २२ लाख होती, त्या भागातले तसेच फ्लॅट बरेच महाग जात होते आणि स्वस्ताईपुढे माणसाची अक्कल पेंड खायला जाते.

मग पैशांचा चरक सुरू झाला. राखीव किमतीच्या १० टक्के, म्हणजे २ लाख २० हजार, बोलीआधीच भरलेले होते. ई-लिलावात बोली २५ लाख ६० हजारांवर थांबली आणि एकूण २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरणे सक्तीचे असल्याने मला एका रात्रीत आणखी ४ लाख २० हजार उभे करावे लागले. उरलेले १९ लाख २० हजार, विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. ही मुदत बँक तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, पण वाढवलीच पाहिजे असे नाही. गृहकर्जासाठी गेलो तर दुसऱ्या बँकेने विचारले, प्रत्यक्ष ताबा आहे का? म्हणजे ज्या ताब्यावर एक बँक मिळकत विकते, त्याच ताब्यावर दुसरी बँक कर्ज देत नाही! आणि पैसे जमले नाहीत तर भरलेले २५ टक्के जप्त. ही पूर्ण रक्कम जप्त करणे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये योग्य ठरवलेले आहे. पत्नीच्या पाटल्या आणि माझा भविष्यनिर्वाह निधी कुठे गेला, हे आता वेगळे सांगायला नको.

कर्जदाराच्या हक्कांविषयीही मला अर्धवटच माहिती होती. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की पैसे भरून मिळकत सोडवण्याचा त्याचा हक्क संपतो, असे २०१६ च्या दुरुस्तीनंतर मानले जाते, म्हणून मी निर्धास्त होतो. परंतु बँकेच्या कारवाईविरुद्ध कलम १७ खाली ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाण्याचा मार्ग त्याला खुला असतो आणि तो गेला. सोलापूरकरांसाठी हे न्यायाधिकरण पुण्यात. पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, तिथे बँकेच्या वकिलांनी मुदत मागितल्याचे ऐकायचे आणि रात्री परतायचे. कर्ज त्याने घेतले, चूक असेल तर बँकेची असेल, आणि प्रतिवादींच्या यादीत माझे नाव.

थकबाकीचे तर बँकेने तोंडातून अक्षर काढले नव्हते. सोसायटीची ८३ हजारांची बाकी, घरपट्टी, पाणीपट्टी, सगळे माझ्या गळ्यात. नवी वीजजोडणी देताना आधीच्या मालकाची बाकी लिलावातील खरेदीदाराकडून मागता येते, हे २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले आहे. आता शाळेतला एक सहकारी शहराबाहेरच्या एका प्लॉटच्या लिलावाची जाहिरात घेऊन माझ्यामागे लागला आहे. त्याला मी विचारले, जमीन बिगरशेती झाली आहे की परवानगीविना तुकडे पाडलेली गुंठेवारी आहे? उतारा कोणाच्या नावावर आहे? वकिलाकडून मालकीच्या कागदांचा ३० वर्षांचा शोध घेतलास का? आत भाडेकरू आहे का, आणि त्याचा करार नोंदलेला आहे का? विकणारी बँक आहे की पतसंस्था, कारण पतसंस्था सरफेसीखाली नव्हे, सहकार कायद्याच्या कलम १०१ आणि नियम १०७ खाली विकते आणि तिथली मुदत, अटी सगळे निराळे? त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण सर, बँकेची जागा आहे ना."

परवा जिन्यात कर्जदार भेटला. माणूस बोलायला अत्यंत सभ्य आहे. चार-चार दिवसांनी पाणी येते आणि इमारतीची मोटर जळाली आहे, असे त्याने सांगितले, आणि दुरुस्तीची वर्गणी मालकांकडून गोळा होत असल्याने माझे ७०० रुपये तेवढे राहिले आहेत, याची आठवण करून दिली.