शुगर बॉर्डरवर असलेल्यांसाठी

गेल्या रविवारी आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत मोफत मधुमेह तपासणी झाली. उपाशीपोटी करायच्या फास्टिंग टेस्टला लोक घरून चहा-बिस्किट उरकून आले होते. (चहा म्हणजे काय खाणं असतं का?) बोट टोचून झालं की पुढच्याच टेबलावर पोहे आणि जिलबी. नियोजन मानलं पाहिजे. पुढच्या वर्षीच्या शिबिराला पेशंट नकोत का? तेव्हाच ठरवलं, ज्यांना टिकाऊ मधुमेह हवाय त्यांना आपणही थोडं मार्गदर्शन करावं.

पहिलं म्हणजे, बॉर्डर सोडू नका. उपाशीपोटी १२६ किंवा वर आकडा पुन्हा पुन्हा आला की डॉक्टर मधुमेह म्हणतात. म्हणू देत, आपण १६० लासुद्धा बॉर्डरवरच. खरी बॉर्डर शंभर ते सव्वाशेतली. तेव्हा आठवड्याला १५० मिनिटं चाललं, वजन थोडं उतरवलं तर पुष्कळांचा मधुमेह टळतो किंवा लांबतो. पण तेव्हा आपल्याला आठ-बाराची फास्ट लोकल पकडायची असते.

चालायचंच तर तलावपाळीला. एक फेरी, दोन वडापाव.

साखर सोडून गूळ धरा. दोन्ही सारखेच, हे फक्त रक्ताला कळतं.

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी टाळा, ती चहाडखोर आहे. त्यापेक्षा दोन दिवस कारल्याचा रस पिऊन फास्टिंग शुगर तपासा आणि रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाका. नॉर्मल आली ना? मग गोळी बंद. गोळीमुळेच नॉर्मल आली असेल, असले संशय घेऊ नयेत.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे दिसेनासं झाल्यावरच जा. पडदा खराब व्हायला लागला तरी सुरुवातीला दिसण्यात काही फरक पडत नाही, केवढी सोय!

आता पाय. पायांकडे मुळीच बघू नका. कोपरीच्या आमच्या मामांनी अकरा वर्षं बघितले नाहीत. डॉक्टर सांगायचे, रोज रात्री तळवे तपासा, वाकता येत नसेल तर आरसा धरा, घरातही अनवाणी फिरू नका. मामा हसायचे, "स्वतःच्याच पाया पडू की काय?" नवी चप्पल अंगठ्याला लागली. दुखलं नाही. अहो, दुखणार कसं? साखरेने नसा बधिर केल्या होत्या! फोड आला, फुटला, त्यावर हळद दाबली, वर मोजा चढवला. मामींना मोज्यावर डाग दिसला, तोपर्यंत वास सुटला होता. आधी अंगठा काढला. आठ दिवसांनी शेजारची दोन बोटं.

आणि भेटायला येणारे काय घेऊन आले? पेढे! हॉस्पिटलमध्ये, पायाला बँडेज असलेल्या माणसाला. वर आग्रह, "घ्या हो, एकाने काय होतंय?"

एकाने काय होतंय? चादर वर करून बघायचंत की. प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीकुंकवाला हेच एक वाक्य तुम्ही त्यांना ऐकवलंत. नको म्हणाले तर रुसलात, "आमच्याकडचं गोड चालत नाही का?" म्हणालात. मी पण म्हणालोय, मागच्या गणपतीत, मोदकाचं ताट पुढे करून. अक्कल नव्हती मला. तुम्हाला तर पाय बघूनही आली नाही.

शनिवारी मामा घरी येतायत. भेटायला जरूर या. हात हलवत या.